घरटॅक्स 1,490 वरून 4,825: नमुना 8 मध्ये चूक कुठे शोधायची, हरकत कुठे घ्यायची?

सांदवाडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. ग्रामपंचायतीचे 2025-26 चे मागणी बिल (नमुना 9 क) हाती आले आहे. आकडे जसेच्या तसे देते.

मागच्या वर्षी: घरकर 690, दिवाबत्ती 50, आरोग्य 50, खास पाणीपट्टी 700. एकूण 1,490.

या वर्षी: घरकर 1,910, दिवाबत्ती 75, आरोग्य 75, खास पाणीपट्टी 1,200. चालू मागणी 3,260. त्याखाली मागील बाकी 1,490 आणि दंड 75. एकूण 4,825. मागच्या वर्षीच्या पूर्ण रकमेची नमुना 10 ची पावती आहे, तरी बाकी दाखवली आहे.

घर 2003 चे. समोरच्या दोन खोल्या स्लॅबच्या, बाहेरून 20 × 24 फूट. मागच्या दोन खोल्या विटा-सिमेंटच्या पण वर टिन, 20 × 12 फूट. सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) गोठा, मातीच्या भिंती आणि वर कवेलू (कौले), 12 × 10 फूट.

नव्या नमुना 8 ची (घराच्या करआकारणीच्या उताऱ्याची) ओळ अशी आहे: आरसीसी, 840 चौ. फूट (78.04 चौ. मी.), बांधकाम वर्ष कोरे, घसारा 100 टक्के, जमीन दर 400, बांधकाम दर 20,000, भारांक 1, करदर हजारी 1.20. जुन्या उताऱ्यात स्लॅब 480 आणि टिन 240 असे वेगळे होते, वर्ष 2003 लिहिलेले होते आणि गोठ्याची नोंद नव्हती.

तोंडी विचारले तर "शासनाचे दर वाढले" एवढेच उत्तर मिळते. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत. हरकत कोणी घ्यायची, कशावर घ्यायची, आणि तोवर पैसे भरायचे की थांबायचे?

---

हिशेबनीस

ताई, तुम्ही नमुना 8 ची अख्खी ओळ दिली हे फार चांगले केले. बिल हा फक्त निकाल असतो, गणित नमुना 8 मध्ये असते. बिलावर कितीही वाद घातला तरी ती ओळ तशीच राहिली की पुढच्या वर्षी तेच बिल परत येते.

आधी हे लक्षात घ्या की तुमच्या बिलात तीन वेगवेगळी भांडणे आहेत. घरकराचे वेगळे, पाणीपट्टीचे वेगळे, मागील बाकीचे वेगळे. तिन्ही एकाच अर्जात कोंबली तर उत्तर देणारा सोप्या मुद्द्याचे उत्तर देतो आणि बाकीचे राहून जातात. तीन अर्ज करा.

आता घरकर. 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, 1960 मध्ये दुरुस्ती झाली आणि भांडवली मूल्यावर आकारणी आली. सूत्र असे आहे: (बांधकामाचे क्षेत्रफळ × जमिनीचा वार्षिक मूल्यदर) अधिक (बांधकामाचे क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसाऱ्याचा टक्का, म्हणजे वयाची वजावट करून उरणारे मूल्य). या बेरजेला वापराचा भारांक लावायचा. राहत्या घराला तो 1 असतो, दुकान किंवा कारखान्याला त्याहून जास्त. जे भांडवली मूल्य येईल त्याच्या दर हजार रुपयांना पंचायतीने ठरवलेला करदर लागतो.

तुमच्या ओळीत हे घालून पाहू. 78.04 × 400 = 31,216. 78.04 × 20,000 × 100 टक्के = 15,60,800. बेरीज 15,92,016. हजारी 1.20 ने 1,910 रुपये. म्हणजे बिलाची आकडेमोड बरोबर आहे. चूक आत घातलेल्या माहितीत आहे, आणि ती तीन ठिकाणी आहे.

पहिली चूक, तिन्ही बांधकामे एका ओळीत आरसीसी म्हणून चढवली. 480 + 240 + 120 = 840, बेरीज तंतोतंत जुळते. टिनाच्या खोल्या आरसीसी होत नाहीत, कवेलूचा गोठा तर नाहीच. प्रत्येक बांधकाम प्रकाराचा बांधकाम दर वेगळा असतो आणि करदरही वेगळा असतो, म्हणून एका चुकीच्या शब्दाने दोन्हीकडून वाढ होते.

दुसरी चूक, बांधकाम वर्ष कोरे. वर्ष नसले की घर नवे धरून पूर्ण 100 टक्के मूल्य लागते. घसाऱ्याच्या तक्त्यात 20 वर्षांवरच्या आणि 30 पर्यंतच्या आरसीसीला 70 टक्के धरतात, अर्ध्या पक्क्या आणि कच्च्या बांधकामाला 60. पंचायतीतल्या तक्त्याशी ताळा करून घ्या. गावोगावी सगळ्यात जास्त पैसे या एका कोऱ्या रकान्यामुळे जातात आणि लोकांच्या ते लक्षातही येत नाही.

तिसरी, आधी नोंद नसलेला गोठा आला. ती नोंद येणे चूक नाही, ती आरसीसी म्हणून येणे चूक आहे. गोठा लपवायचा प्रयत्न करू नका. स्वतःच "कच्चे बांधकाम, 120 चौ. फूट" म्हणून लिहून द्या, बाकीच्या अर्जाला वजन येते.

दुरुस्त हिशेब कसा दिसेल? टिन आणि कवेलूचे दर तुमच्या पंचायतीच्या ठरावातून घ्यावे लागतील. इथे समजण्यापुरते टिनाला बांधकाम दर 14,000 आणि करदर 0.75, गोठ्याला 6,000 आणि 0.30 धरतो.

स्लॅब 44.59 चौ. मी.: जमीन 17,836, बांधकाम 44.59 × 20,000 × 70 टक्के = 6,24,260. बेरीज 6,42,096. कर 770.52.

टिन 22.30 चौ. मी.: जमीन 8,920, बांधकाम 22.30 × 14,000 × 60 टक्के = 1,87,320. बेरीज 1,96,240. कर 147.18.

गोठा 11.15 चौ. मी.: जमीन 4,460, बांधकाम 11.15 × 6,000 × 60 टक्के = 40,140. बेरीज 44,600. कर 13.38.

एकूण 931 रुपये. 1,910 च्या जागी. म्हणजे 690 पेक्षा थोडी वाढ राहते, ती मान्य करावी लागेल, पण 979 रुपये निव्वळ चुकीच्या नोंदीचे आहेत.

एक गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी: 1 चौ. मी. म्हणजे 10.764 चौ. फूट. चौ. मी.च्या रकान्यात चौ. फुटाचा आकडा टाइप झाला की कर जवळजवळ अकरा पट होतो. ताईंच्या ओळीत ते झालेले नाही, पण ज्यांचे बिल एकदम हजारोंनी वाढले असेल त्यांनी सगळ्यात आधी हाच रकाना पाहावा.

---

पंचायत_विस्तार

हिशेबनीस यांनी गणित मांडले आहे, मी रस्ता सांगतो.

कराचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मधून येतो. आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. यादी तयार झाली की ती प्रसिद्ध करायची, मुनादी द्यायची, फलकावर लावायची, हरकती मागवायच्या, त्या ऐकायच्या आणि मग ती कायम करायची, असा क्रम आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा की ही फेरआकारणी चार वर्षांच्या फेरीतली आहे का, आणि यादी कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाली. मुदत चालू असेल तर हरकत थेट ग्रामपंचायतीकडे. मुदत टळली असेल तरी नोंदीतली उघड चूक दुरुस्त करण्याचा अर्ज देता येतो आणि तो द्याच, कारण पुढच्या अपिलात "पंचायतीकडे मागणी केली होती" हे कागदावर दिसावे लागते.

पंचायतीने ऐकले नाही किंवा चुकीचा निर्णय दिला तर कलम 124 (5) खाली अपील पंचायत समितीकडे. कार्यालय गटविकास अधिकाऱ्यांचे, तालुक्याला. त्या निर्णयावर पुढचे अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. पुष्कळ लोक थेट कलेक्टर ऑफिसला निवेदन देतात. ते निवेदन फिरत फिरत परत ग्रामपंचायतीकडेच येते, त्यात दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात मागणीची नोटीस येऊन पडते.

अर्जाआधी हे कागद गोळा करा. या वर्षीचा आणि आधीचा नमुना 8 चा उतारा. नमुना 8 चा उतारा लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांमध्ये आहे, मुदत 5 दिवस, फी 20 रुपये. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज केला की पावती मिळते आणि मुदत मोजता येते. दुसरा कागद करदर ठरवणारा मासिक सभेचा ठराव. तिसरा, या वर्षीची घराची मोजणी कोणत्या तारखेला कोणी केली त्याचा पंचनामा किंवा मोजणी तक्ता. ठराव आणि पंचनामा तोंडी मागून मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. जन माहिती अधिकारी म्हणजे गावचे सचिव (ग्रामसेवक, आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). उत्तराची मुदत 30 दिवस.

माहिती अधिकारात "कर का वाढला" असे विचारू नका. "का" हा प्रश्न माहितीत बसत नाही आणि अर्ज निकाली निघतो. "घर क्रमांक अमुकचा मोजणी पंचनामा, करदराच्या ठरावाची प्रत, घसारा तक्त्याची प्रत, यादी प्रसिद्ध केल्याच्या नोटिशीची प्रत" असे कागदाचे नाव घेऊन मागा. मोजणी झालीच नसेल तर पंचनामा निघणार नाही, आणि तसे लेखी उत्तर हाच तुमच्या अपिलातला सगळ्यात जड कागद होईल.

नावाबद्दल: नमुना 8 मध्ये मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा असतो. कर घरात राहणाऱ्याकडून वसूल होतो, म्हणून भोगवटादार आणि वारस म्हणून तुम्ही हरकत घेऊ शकता. अर्जात "कै. अमुक यांची सून व वारसांपैकी, घरात राहणारी" असे लिहा आणि मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडा. वारस नोंदीचा अर्ज वेगळा द्या, त्यासाठी ही हरकत अडवून ठेवू देऊ नका. आणि हे मनात पक्के ठेवा की नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही, तो कराच्या कामाचा उतारा आहे. गावठाणाचा ड्रोन सर्वे होऊन स्वामित्व योजनेची सनद किंवा मालमत्ता पत्रक आले असेल तर जागेच्या क्षेत्रासाठी ते पुढे करा. बांधकामाच्या क्षेत्रासाठी मात्र ते चालणार नाही, तिथे टेपच लागतो.

---

कवेलू

ताई, टेपाचीच गोष्ट सांगतो. सचिवाले तोंडी सांगून काही होत नाही, कागद द्या लागते, अन् कागदासंगं नकाशा द्या लागते.

साध्या कागदावर घराचा नकाशा काढजा. उत्तर दिशा दाखवजा. तीन चौकोन: स्लॅब, टिन, गोठा. हरेक चौकोनाची लांबी-रुंदी फुटात अन् खाली चौ. मी.त. माप बाहेरून घेतलं का आतून हे लिहजा. नऊ इंची भिंतीचा फरक लहान नसते: बाहेरून 20 × 24 म्हणजे 480, आतून तेच घर 18.5 × 22.5 म्हणजे 416.25. पावणेचौसष्ट फुटांचा फरक. तुमच्या पंचायतीनं सगळ्या गावाले एकाच रीतीनं मोजलं का, ते शेजारच्या दोन घरांच्या उताऱ्यावरून समजते.

फोटो चार घ्या. समोरून स्लॅब दिसल असा, मागून टिन दिसल असा, गोठ्याच्या भिंती अन् कवेलू दिसल असा, अन् एक आतून टिनाच्या खोलीचं आढं दिसल असा. बाहेरून समोरची स्लॅबच दिसते, म्हणून मोजणीवाला दारातूनच सगळं आरसीसी लिहून जाते. आतल्या फोटोनं हा वाद तिथंच मिटते.

घराचं वय दाखवाले तुमच्यापाशी जुना उतारा हाय, त्यात 2003 लिहेल हाय, हे सगळ्यात पक्कं. पंचायतीचाच कागद, पंचायत नाही म्हणू शकत नाही. ज्यांच्यापाशी उतारा नसन त्यांनी महावितरणचं जुन्यातलं जुनं बिल, घरकुलाचा मंजुरी आदेश, नाहीतर बांधकाम परवानगी काढजा. जुन्या वर्षांचं आकारणी रजिस्टर पंचायतीतच राहते, त्याची नक्कल मागता येते.

अन् अर्जात "जागेवर येऊन फेरमोजणी करावी, मोजणीच्या वेळी मले हजर राहू द्यावं अन् पंचनाम्यावर सही घ्यावी" हे वाक्य टाकाच. हे वाक्य नसलं तर फेरमोजणी कार्यालयात बसूनच होते.

---

हिशेबनीस

कवेलू भाऊंनी नेमके सांगितले. अर्जाचा मसुदा देतो, आपापले आकडे घालून वापरा:

"प्रति, सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ____. विषय: घर क्रमांक ____ च्या नमुना 8 मधील नोंद दुरुस्त करून सन 2025-26 चा घरकर फेरआकारणी करणेबाबत. वरील घराची नोंद 840 चौ. फूट आरसीसी, बांधकाम वर्ष कोरे, घसारा 100 टक्के अशी झाली आहे. प्रत्यक्षात (1) स्लॅब 480 चौ. फूट, (2) विटा-सिमेंट व टिन 240 चौ. फूट, (3) माती-कवेलू गोठा 120 चौ. फूट आहे. (1) व (2) चे बांधकाम वर्ष 2003 असून आपल्याच सन ____ च्या उताऱ्यात तशी नोंद आहे. गोठ्याचे वर्ष ____. तरी माझ्या हजेरीत जागेवर फेरमोजणी करून तीन वेगळ्या नोंदी घ्याव्यात, बांधकाम वर्षानुसार घसारा द्यावा, सुधारित मागणी बिल द्यावे आणि निर्णय लेखी कळवावा. सोबत: जुना व नवा उतारा, नकाशा, चार फोटो, मृत्यू दाखला."

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. भांडत बसू नका, पोस्टाची पावती आवकेइतकीच कामाची असते. अर्जात "अन्याय", "मनमानी" असले शब्द घालू नका. समोरच्याला चूक दुरुस्त करायची वाट मोकळी ठेवली की काम लवकर होते.

"शासनाचे दर वाढले" या उत्तराबद्दल. जमिनीचा दर रेडीरेकनरमधून येतो, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून. तो विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून कोणालाही पाहता येतो. ग्रामीण भागाची सरासरी वाढ 2022-23 ला 6.96 टक्के होती, पुढची दोन वर्षे वाढ नव्हती, 2025-26 ला 3.36 टक्के. दोन्ही मिळून साडेदहा टक्क्यांच्या आसपास. ही राज्याची सरासरी आहे, तुमच्या गावाचा आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण 690 चे 1,910 होण्याचे कारण यात नाही. शिवाय तुमच्या हिशेबात जमिनीचा वाटा पाहा: जवळपास 16 लाखांत 31 हजार. जमिनीचा दर दुप्पट झाला तरी कर 37 रुपयांनी वाढतो. खेड्यातला घरकर बांधकामाचा प्रकार आणि घराचे वय या दोनच गोष्टींवर उभा असतो, म्हणून सगळा जोर तिथेच लावा.

हजारी करदर मात्र पंचायत ठरवते. नियमात प्रत्येक बांधकाम प्रकाराला किमान आणि कमाल मर्यादा दिली आहे, त्यांच्या मधला दर मासिक सभेच्या ठरावाने घ्यायचा. दर मर्यादेत असेल आणि ठराव रीतसर असेल तर "दर जास्त आहे" या मुद्द्यावर अपिलात काही हाती लागत नाही. तो विषय ग्रामसभेचा आहे. तिथे प्रश्न विचारताना पंचायतीचा खर्चही समोर असू द्या. स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. नळयोजनेच्या मोटारीचे वीजबिल त्याशिवाय. माझे मत स्पष्ट सांगतो: कर द्यावा, पण आपल्या घराचा द्यावा, कागदावर चुकून उभ्या राहिलेल्या घराचा नाही.

---

सांदवाडी

दादा, भाऊ, सगळ्यांचे आभार. पाणीपट्टी आणि मागील बाकीचे तेवढे सांगा. नळ जलजीवनच्या योजनेतला आहे, एकच तोटी.

---

पंचायत_विस्तार

पाणीपट्टीचा भांडवली मूल्याशी संबंध नाही. सामान्य पाणीपट्टी वेगळी आणि खास पाणीपट्टी वेगळी. खास पाणीपट्टी घरात खासगी नळजोडणी असेल त्यालाच लागते, आणि तिचा वार्षिक आकडा पंचायतीच्या ठरावाने ठरतो. 700 चे 1,200 झाले असतील तर त्याचा ठराव कोणत्या तारखेचा आणि कोणत्या महिन्यापासून लागू, एवढेच मागा. ठराव वर्षाच्या मध्यात झाला असेल आणि पूर्ण वर्षाचा वाढीव दर लावला असेल तर ती बाब लेखी विचारण्यासारखी आहे. दोन तोट्यांचा दर एका तोटीला लागला नाही ना, हेही पाहा. जोडणी मंजूर पण नळ सुरूच झाला नाही अशी घरे पुष्कळ गावांत आहेत. त्यांनी जोडणी सुरू झाल्याची तारीख मागावी आणि त्याआधीची पट्टी कमी करून मागावी.

मागील बाकीचे काम सगळ्यात सोपे आहे, म्हणून आधी तेच करा. पावती फाटून पैसे जमा होतात, पण ती रक्कम नमुना 9 मध्ये, म्हणजे मागणी नोंदवहीत, दुसऱ्याच घर क्रमांकासमोर चढते. एकाच आडनावाची दहा घरे असलेल्या गावात हे हमखास होते. कधी पावती मार्चच्या शेवटच्या दिवसांतली असते आणि संगणक परिचालक नव्या वर्षाची मागणी त्याआधीच काढून मोकळा झालेला असतो. पावतीची झेरॉक्स जोडून लिहा: "पावती पुस्तक क्र., पावती क्र., दिनांक, रक्कम 1,490. ही रक्कम घर क्र. ____ च्या खात्यात घेऊन मागील बाकी 1,490 व त्यावरील दंड 75 कमी करावा." दंड वेगळा लिहायला विसरू नका. बाकी काढतात आणि दंड तसाच राहतो. मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका.

भरण्याबद्दल: थांबू नका, पण सगळेही भरू नका. ज्यावर वाद नाही ते भरा. घरकराचे जुने 690, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टीचे जुने 700 आज भरता येतील. भरताना अर्ज द्या की ही रक्कम 2025-26 च्या चालू मागणीत घ्यावी. हे लिहिले नाही तर वसुली लिपिक ती आधी मागील बाकीत वळवतो, जी बाकी तुमची नाहीच, आणि चालू मागणी तशीच राहते. 30 सप्टेंबरपर्यंत भरल्यास 5 टक्के सूट आणि वर्ष संपल्यावर 5 टक्के दंड असे बिलावर छापलेले असते, त्या तारखा धरून चाला.

घरात कोणी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणार असेल तर जास्त जपा. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर कलम 14 खाली सदस्यत्वाला अपात्रता येते. अशा घरांनी पूर्ण रक्कम "हरकत कायम ठेवून भरत आहे" असे लेखी देऊन भरावी आणि जादा रक्कम पुढच्या वर्षात वळती करून मागावी.

---

आर्वी_नाका

आमचे गाव 2015 ला नगरपंचायतीत गेले. हेच सूत्र लागते का?

---

पंचायत_विस्तार

नाही. तुम्हाला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 लागतो. तिथेही आकारणी यादी, हरकतीची नोटीस आणि सुनावणी आहे, पण कलमे वेगळी आणि अपिलाची जागा वेगळी. वर दिलेले कलम 124 चे अपील तिथे टाकले तर ते फेटाळले जाते आणि खरी मुदत निघून जाते. बिलासोबत आलेली नोटीस पूर्ण वाचा, हरकतीची शेवटची तारीख त्यातच असते. घराचा प्रकार, क्षेत्र आणि वय तपासायचे काम मात्र तुम्हालाही असेच करायचे आहे.

---

कवेलू

एक राहूनच गेलं. घरात माजी सैनिक, नाहीतर सैनिकाची विधवा असन तर एका घराचा टॅक्स माफ होते, 2020 पासून राज्याची योजना हाय, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजना. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र आणून पंचायतीत अर्ज द्या लागते. आपोआप कोणी माफ करत नाही.

अन् लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरजा नोका. पंचायती थकबाकीची प्रकरणं दाव्याच्या आधीच तिथं ठेवतात. आली म्हणजे कोर्टात केस झाली असं नाही.

---

हिशेबनीस

भाऊ, त्याला जोडून. लोक अदालतीला जरूर जा, पावती, दोन्ही उतारे आणि हरकतीची आवक प्रत घेऊन जा. पण तिथे झालेल्या तडजोडीवर पुढे अपील नसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 प्रमाणे तो निवाडा अंतिम असतो. म्हणून 4,825 चे "4,000 करून देतो" असे कोणी म्हटले तर लगेच सही करू नका. ताईंच्या बाबतीत 1,490 आणि 75 हे देणेच नाही, आणि घरकरातले 979 नोंद दुरुस्त झाल्यावर जातील. 4,825 मधून हे वजा केले की 2,281 उरतात, त्यात पाणीपट्टीचा नवा दर पूर्ण धरलेला आहे. या आकड्याच्या वर तडजोड म्हणजे चुकीची बाकी मान्य केल्यासारखे होते. तडजोडीच्या कागदावर "नमुना 8 मधील नोंद फेरमोजणीनंतर दुरुस्त करण्यात येईल" ही ओळ घेतली तरच सही करा, नाहीतर "हिशेब मान्य नाही, हरकत प्रलंबित आहे" एवढे नोंदवून परत या. प्रकरण तिथून तसेच परत जाते, आणि तुमचे पंचायत समितीचे अपील शाबूत राहते.

टिन आणि गोठ्याचे तुमच्या ठरावातले दर मिळाले की इथे टाका ताई, दुरुस्त घरकराचा पक्का आकडा काढून देतो.